पाच बोफोर

मारूसोच्या पत्राला इसिदोरोसने कधी उत्तर दिलं नव्हतं.

पत्र वसंत ऋतूत आलं होतं. कागदाला लाकडाच्या भुशाचा वास होता. 'महाशय, आमच्या म्हाताऱ्या बार्बा फ्रांगिस्कोसनं बांधलेली बोट बुडाली आणि तिच्याबरोबर कप्तान लेओनार्दोसचा मुलगा मान्थोसही गेला. कप्तान म्हणतात, फळी कुजकी होती. तेव्हापासून बेटावरचं कुणी बार्बाकडे बोट बांधायला टाकत नाही. तो रात्रीचा झोपत नाही. सापडलेले तुकडे तुमच्या विमा कंपनीच्या गोदामात आहेत. फळी खरंच कुजकी होती का? तेवढंच कळवा.'

इसिदोरोसने ते तुकडे पाहिले होते. तो कंपनीचं दफ्तर सांभाळायचा आणि गोदामाची किल्लीही त्याच्याचकडे असायची. लाकूड खणखणीत होतं. पण अहवालात 'कारण निश्चित नाही' असं लिहिलेलं होतं आणि खाली दोन इंजिनियरांच्या सह्या होत्या. आपण कोण? कागद लावून ठेवणारा माणूस. उत्तर लिहायला तो अनेकदा बसला. 'माझ्या अल्प मतीप्रमाणे' या शब्दांपुढे लेखणी सरकली नाही. मग तो निवृत्त झाला आणि पत्र त्याच्या कोटाच्या खिशात राहिलं.

तिथे ते झाम्बेताला सापडलं.

झाम्बेता रूसू पूर्वी त्याच कंपनीत बुडालेल्या बोटींची चौकशी करायची. आता पिरेयसला तिची स्वतःची खासगी तपाससंस्था होती आणि इसिदोरोस तिच्याकडे येऊन बसायचा, मदत करतो अशा समजुतीने.

"हे काय?" तिने पत्र फडकावलं.

"उत्तर द्यायचंय."

"इतके महिने राहिलं ते आता कसलं लिहिताय! चला, तोंडी देऊन येऊ. ऑगस्टात माणूस बेटावर जातोच."

अशा रीतीने ती दोघं आंथूसा बेटावर उतरली, आणि त्यांच्या पाठोपाठ उत्तरेचा मेल्तेमी वारा उतरला.

या बेटांवर वाऱ्याची गोष्ट बोफोरमध्येच, म्हणजे वाऱ्याच्या जोराच्या आकड्यांतच होते. चारला सगळे खूश, सहाला टेबलांवरची कापडं आत, आठला बोटींना बंदी, आणि त्यापुढे ज्याचा त्याचा संत. मेल्तेमी आठवर बसला तो उठेचना. अडकलेले प्रवासी किरा कालिरोईच्या कॉफीघरात दिवस काढत होते. दार उघडलं की पेले उडत, बंद केलं की जीव गुदमरे. टोमॅटो संपले, मग लिंबं संपली, मग एकमेकांशी बोलण्यासारखंही काही उरलं नाही.

उरला फक्त बोफोरचा खेळ. बेटाची ही जुनी रीत. दुपारी देवळाची घंटा झाली, की जो जिथे असेल त्याने तिथूनच वारा पाहून आकडा सांगायचा. बाहेर असेल त्याने कालिरोईला फोन करायचा. मग बंदर अधिकारी पाफ्सानियास धक्क्यावरच्या यंत्राचा आकडा घेऊन यायचा. ज्याचा अंदाज सगळ्यांत चुकेल, त्याने संध्याकाळी सगळ्यांना राकीची दारू पाजायची.

कप्तान लेओनार्दोसने आजवर कधीच राकी पाजली नव्हती. उभा जन्म त्याने मालवाहू जहाजांवर काढला होता.

फ्रांगिस्कोसचं होडीघर बेटाच्या दक्षिणेला, डोंगरापलीकडच्या खाडीत होतं. वाटेवरच्या खिंडीतला वारा तरण्या माणसालाही उभं राहू देत नव्हता. इसिदोरोस रोज म्हणायचा, "उद्या जाऊन सांगतो."

एके दिवशी सकाळी वारा पाचवर आला. लोकांनी पिशव्या भरल्या. पण दुपार व्हायच्या आत तो पुन्हा उसळला. घंटा झाली. कॉफीघरात सगळे 'आठ' म्हणाले आणि यंत्रानेही आठच दाखवले. खाडीतून रोज येणारा फ्रांगिस्कोसचा फोन मात्र आला नाही.

थोड्या वेळाने खाडीतून मारूसोचा फोन आला. बार्बा होडीघरात मरून पडला होता. कुणीतरी लाकडी मोगरीने त्याच्या डोक्यात घाव घातला होता.

*

बेटावर तुरुंग नव्हता. पाफ्सानियासने मारूसोला कॉफीघरामागच्या कोठीत, बाटल्यांच्या खोक्यांमध्ये कोंडलं.

"मोगरी तिची, प्रेत सापडलं तिलाच, आणि होडीघरही म्हाताऱ्याने तिच्याच नावावर केलंय," तो झाम्बेताला म्हणाला. "बंदी उठली की पहिल्या बोटीने सीरोसला, कोर्टात. माझं काम तेवढंच."

"म्हणजे वारा आहे तोवर ती इथे आहे."

"वारा आहे तोवर आपण सगळेच इथे आहोत, बाई," तो वैतागून म्हणाला.

कोठीत मारूसो एका खोक्यावर बसली होती. पस्तिशीची, बार्बाच्या हाताखाली बोटी बांधणारी, दंडाने भरलेली, बोटांना डांबर लागलेली. इसिदोरोसने आपलं नाव सांगितलं, तशी ती त्याच्याकडे बघतच राहिली.

"तुम्ही होय ते. बार्बा रोज विचारायचा, पत्र आलं का गं? मी म्हणायची, टपालही बंदीत अडकलंय."

इसिदोरोसचा हात खिशाकडे गेला आणि तसाच परत आला.

"घंटा झाली तेव्हा कुठे होतीस?" झाम्बेताने विचारलं.

"खिंडीत. संत मिनासच्या देवळापाशी. पाव घेऊन निघाले होते. रांगत होते म्हणा ना! देवळाची कौलं उडत होती. फोन करून 'नऊ' सांगितलं, तर सगळे हसले म्हणे."

"अधिकारी म्हणतात, आधी मारलंस, मग खिंडीत जाऊन फोन केलास."

"त्यांना म्हणावं, एकदा खिंडीत या. तिथे माणूस मारायचं सोडा, नाक पुसता येत नाही."

"बार्बाचं कुणाशी वाकडं होतं?"

"कुणाशी नाही. कप्तान सोडून. तेही भांडण एकतर्फी. ते शिव्या द्यायचे आणि हा ऐकून घ्यायचा. पोरगं गेलंय त्याचं, म्हणायचा. बोट आमच्याच खाडीतून सुटली होती ना. बाप स्वतः पोचवायला आला होता."

*

फ्रांगिस्कोसचा पुतण्या झेप्पोस धक्क्यावर आपल्या मासेमारीच्या बोटीचे दोर आवळत होता. केसांत मीठ साचून तो अकाली पिकल्यासारखा दिसत होता.

"त्या दिवशी सकाळपासून इथेच मेलो. दोर तुटला तेव्हा अधिकाऱ्यांनाच हाक मारली. विचारा त्यांना. घंटेला लाटा या भिंतीवरून पलीकडे पडत होत्या. आठ, डोळे मिटून."

"कप्तानांनी दीपगृहावरून फोन केला होता ना? इथून दिसतं ते?" झाम्बेताने विचारलं.

"ते काय टोकाला. त्या दुपारी कमरेपर्यंत फेसात होतं. आमचा कप्तान तिथे जाऊन बसला होता म्हणे आणि सांगितले किती? पाच!" झेप्पोस पहिल्यांदाच हसला. "सगळ्यांना राकी पाजावी लागली. खुनाच्या दिवशी कुणाला प्यायची हौस होती? पण पैज म्हणजे पैज. कडू तोंडाने प्यायलो."

*

कप्तान लेओनार्दोस कॉफीघराच्या खिडकीशी ताठ बसला होता. टोपी गुडघ्यावर होती.

"दीपगृहापाशी जाऊन बसतो मी. पोरगा त्या बाजूला गेला," तो म्हणाला.

"घंटेलाही तिथेच होतात?" झाम्बेताने विचारलं.

"तिथूनच फोन केला."

"आणि पाच सांगितले."

"चुकलो. डोळ्यांत मोतीबिंदू आलाय. लाटा पुसट दिसतात." त्याने खिडकीबाहेर मान वळवली. "पाफ्सानियासला सांगा, धक्क्यावरचा झेंडा बदल म्हणावं. खालून दुसरी निळी पट्टी उसवत चाललीय."

इसिदोरोसने चष्मा पुसून पाहिलं. त्याला नुसतं निळंपांढरं काहीतरी फडफडताना दिसलं.

"मान्थोस गेला त्या दिवशी किती होते?" झाम्बेताने हळूच विचारलं.

"पाच." उत्तर तत्काळ आलं. "मी स्वतः पाहून सांगितलं, जा बाळा, पाच आहेत. पाचात चांगली बोट बुडत नाही. म्हणून तर म्हणतो, फळी कुजकी होती."

स्वयंपाकघरात किरा कालिरोई खुर्च्या पुसत होती आणि तोंडही चालू होतं. "बसतात मेले मिठाचे पुतळे होऊन! धक्क्यावरून आले की माझ्या खुर्च्या पांढऱ्या. माणूस म्हणजे तो कप्तान. त्या दिवशीसुद्धा आला तो कोरडा ठणठणीत, इस्त्री केल्यासारखा. डोक्यावर टोपीही जागची हलली नव्हती."

"फोन तुम्हीच घेतला होतात ना? मारूसोचा?"

"कानाचा पडदा फाटला माझा! नुसता घों घों. 'नऊ' एवढंच कळलं. कप्तानचं बरं, शेजारी बसून बोलल्यासारखा. श्वाससुद्धा ऐकू येत होता. जरा धाप लागली होती बिचाऱ्याला. वय झालं."

"आम्हाला खाडीत जायचंय, किरा. पण इसिदोरोस खिंड चढू शकायचे नाहीत."

"खिंडीतून कशाला मरताय? मागे गाढवांची घळ आहे. लांबची वाट, घाईतले तिकडून जात नाहीत, पण दोन्हीकडे दरडी. वाऱ्याची झुळूक लागत नाही. विचारायचंत तरी!"

इसिदोरोस ओशाळला. इतके दिवस त्याने कुणाला विचारलंच नव्हतं.

*

घळीतून चालताना वारा डोक्यावरून, फार उंचावरून जात होता. घळ सरळ होडीघराच्या मागच्या दारात उतरली.

होडीघर कड्यात कोरलेलं होतं. अर्धवट बोटीच्या फासळ्या, भुसा, आणि जमिनीवर पुसलेला डाग. समोरच्या मोठ्या दारातून तेवढं पाणी दिसत होतं. आत इतकी शांतता होती, की इसिदोरोसला आपल्या बुटांचा आवाज मोठा वाटला. तो दारातून पाण्याकडे बघत राहिला. लहान लाटा. कुठे कुठे एखादं पांढरं टोक.

"झाम्बेता!" तो आनंदाने म्हणाला. "वारा उतरला! तीन, फार तर चार. आज बोट सुटणार!"

"नक्की?"

"पाणी बघा ना!"

"जरा कोपऱ्यापलीकडे जाऊन बघा."

तो कड्याच्या कोपऱ्यापर्यंत गेला. पुढच्या क्षणी त्याची टोपी आकाशात होती आणि तो स्वतः खडकाला मिठी मारून बसला होता. डोंगरावरून वारा एखादी कपाटाची फळी पडावी तसा कोसळत होता. लांब, बेटाचा आडोसा संपतो तिथे, समुद्र पांढराफटक होता.

तो परत आला तेव्हा झाम्बेता हसत होती. पण चेष्टेचं नव्हतं ते हसू.

"मी मूर्ख आहे," तो म्हणाला.

"नाही हो. तुम्ही अगदी मोलाची चूक केलीत. आता एकच सांगा. ती फळी कशी होती?"

"चांगली होती." मग घाईघाईने, "म्हणजे, माझ्या अल्प मतीप्रमाणे..."

"इसिदोरोस."

"चांगली होती," तो म्हणाला. "मी नखाने टोचून पाहिली होती. डोलकाठी मुळातून उपटली होती. वाऱ्याने."

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पाफ्सानियास कॉफीघरात आला. यंत्र सातवर उतरलं होतं. बोट पिरेयसहून निघाली होती. लोकांनी टाळ्या पिटल्या. तो कोठीच्या दाराकडे वळला, किल्ली हातात घेऊन.

"थांबा," झाम्बेता म्हणाली. "बोट येईपर्यंत एक खेळ राहिलाय. झेप्पोस, दार लावून घे. कप्तान, बसा."

सगळे पुन्हा बसले. सुटका इतकी जवळ आली असताना बंद दाराकडे बघणं जड जात होतं.

"त्या दुपारी बाहेरून तीन आकडे आले," ती म्हणाली. "झेप्पोसचे आठ, मारूसोचे नऊ आणि कप्तानांचे पाच. यंत्राने आठ दाखवले म्हणून तुम्ही म्हणालात, एक बरोबर आणि दोन चूक. मला वाटतं, तिन्ही बरोबर होते. ज्याने त्याने आपण उभे होतो तिथला वारा सांगितला."

"म्हणजे?" पाफ्सानियास म्हणाला.

"खिंडीत वारा कोंडतो आणि वाढतो. तिथे खरंच नऊ होते. धक्क्यावर आठ होते. आता पाच कुठे दिसले असतील? झेप्पोस, दीपगृहापाशी?"

"तिथे फेसानं पायथा दिसत नव्हता!"

"कप्तानांचं म्हणणं, डोळे गेलेत. पण डोळे गेलेल्या माणसाने या खिडकीतून धक्क्यावरच्या झेंड्याची शिवण उसवलेली पाहिली. बरं, डोळे राहू द्या. दीपगृहावर तेव्हा कान फुटत होते. किरा, फोनवर काय ऐकलंत?"

कालिरोईच्या हातातलं फडकं थांबलं. "श्वास," ती म्हणाली. "मी त्यांचा श्वास ऐकला."

"आणि ते आले ते कोरडे. अंगावर मिठाचा कण नाही, टोपी जागेवर. त्या दिवशी उत्तरेच्या टोकावर बसलेला माणूस असा येत नाही. घळीतून आलेला येतो. घळ जाते होडीघराच्या मागच्या दाराशी, आणि होडीघरात वारा ऐकूच येत नाही. तिथे दिसतं फक्त आडोशाचं पाणी. काल इसिदोरोस त्याच दारात उभे राहून मला म्हणाले, वारा उतरला."

कप्तानाने मान डोलावली.

"छान गोष्ट आहे," तो म्हणाला. "पण शेवटी काय? एका म्हाताऱ्याचा अंदाज चुकला. एवढ्यावर फाशी देता?"

"नाही," झाम्बेता म्हणाली. "एवढ्यावर काहीच होणार नाही. अधिकारी मारूसोला घेऊन जातील. तुम्ही फक्त सगळ्यांसमोर एकदा सांगा. मी दीपगृहावर उभा होतो, डोळ्यांसमोर आठ होते आणि मला ते पाच वाटले. कप्तान लेओनार्दोसला वारा कळत नाही. म्हणा एवढं."

कप्तानाने तोंड उघडलं. कॉफीघरातली सगळी डोकी त्याच्याकडे वळली होती. कोळी, खलाशी, खलाशांच्या विधवा. झेप्पोसच्या तोंडावर धक्क्यावरचं तेच हसू उमटू लागलं होतं.

"हसू नकोस!" कप्तान गरजला. "तुझ्या बापाला मी वारा वाचायला शिकवलाय! पाण्यावर तीन दिसत होते. आडोशाचे दोन धरले. तीन आणि दोन पाच. सकाळी मी घळीत शिरलो तेव्हा बाहेर पाचच होते. माझा हिशोब बरोबर..."

तो थांबला. काय बोललो ते त्याच्या ध्यानात आलं. पाफ्सानियासने किल्ली हळूच खिशात ठेवली आणि त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभा राहिला.

तेव्हा कोपऱ्यातून एक दबका आवाज आला. इसिदोरोस उभा होता. एवढ्या लोकांत तो कधी बोलत नसे.

"कप्तान, माफ करा. मान्थोस निघाला तेव्हा तुम्ही वारा कुठून पाहिला होता?"

कप्तानाची नजर खिडकीबाहेर गेली.

"त्याच दारातून," इसिदोरोसच म्हणाला. "आणि असेच दोन धरले होते. बरोबर ना? फळी चांगली होती हो. डोलकाठी वाऱ्याने उपटली. आडोशाबाहेर पाच नव्हते त्या दिवशी."

कप्तानाने गुडघ्यावरची टोपी उलटी केली, आत बघितलं, पुन्हा सुलटी केली.

"फ्रांगिस्कोसही हेच म्हणाला," तो अखेर बोलला. आवाज पार बदलला होता. "इतके दिवस माझ्या शिव्या खाल्ल्या, कधी चकार शब्द काढला नाही. त्या दिवशी मी पुन्हा कुजकी फळी काढली. तो रंधा ठेवून म्हणाला, लेओनार्दो, आता पुरे. फळी नव्हती रे. तू म्हणालास पाच, म्हणून पोरगं गेलं. एवढंच. हळू आवाजात म्हणाला." त्याने डोळे मिटले. "मोगरी जवळ होती."

कालिरोईने छातीवर क्रूसाची खूण केली. झेप्पोसने न सांगता दार उघडलं. वारा आत आला. कापडं हलली, पण पेले जागचे हलले नाहीत.

*

बोट दुपारी लागली. कप्तान पाफ्सानियासबरोबर चढला. पायरीवर त्याने सवयीने मान वर करून झेंड्याकडे पाहिलं, आणि मग पटकन खाली घातली.

इसिदोरोस कॉफीघरात लिहीत बसला होता. बोटीचा भोंगा वाजला, तसा तो पाकीट घेऊन धावतच बाहेर आला. झाम्बेता सामान घेऊन उभी होती. शेजारी मारूसो, इतक्या उजेडाने डोळे बारीक केलेली.

"काय लिहिलंत एवढं?" झाम्बेताने विचारलं.

"चारच ओळी. फळी चांगली होती, मी हाताने तपासली होती, बोट बांधणाऱ्याचा दोष नव्हता. आणि उशिराबद्दल..." तो अडखळला. "उत्तर आधी आलं असतं तर फ्रांगिस्कोसला तसं बोलावं लागलं नसतं. कागदच दाखवला असता त्याने."

मारूसोने हात पुढे केला. "द्या की इकडे. मी इथेच तर उभी आहे."

"नाही," इसिदोरोस म्हणाला. "तू टपालाने विचारलं होतंस. शिक्का बसून येऊ दे. खाली माझं पूर्ण नाव आहे, हुद्द्यासकट. होडीघरात लाव. बोट बांधायला येणाऱ्याने वाचलं पाहिजे."

मारूसोने हात मागे घेतला. मग तोंड फिरवून तिने बाहीने डोळे पुसले. "टपाल येईल तेव्हा येईल," ती म्हणाली. "मी खिळा ठोकून ठेवते."

धक्क्याच्या भिंतीवर पिवळी पेटी होती. इसिदोरोसने पाकीट फटीत धरलं, क्षणभर धरूनच ठेवलं आणि सोडून दिलं.

आत, पेटीच्या तळाशी, कागद पडल्याचा आवाज झाला. तो ऐकू येण्याइतका वारा उतरला होता.